पुसलेला फळा

वर्गात शिरले तर फळा आधीच पुसलेला होता, तोही ओल्या फडक्याने. फडकं सारिकाच्या हातात होतं. शेवटच्या बाकावर बसून वर्षभर माझी बोलणी खाणारी सारिका. कुठेतरी पाणी मुरतंय, असं वाटून मी आधी खुर्ची तपासली आणि मगच बसले.

नववीला रहस्यकथा शिकवत होते. बंगल्यातला हार चोरीला गेलेला, आणि एरवी सगळ्यांवर खेकसणारा स्वयंपाकी अचानक मऊ बोलायला लागलेला.

"हा का बदलला असेल?" मी विचारलं.

"चोर तोच आहे, बाई," अख्खा वर्ग म्हणाला.

मुलांना काय बोलणार? माणूस बिघडला तर आपण लगेच मान्य करतो. सुधारला की मात्र त्याची झडती सुरू होते. नवरा न सांगता भाजी घेऊन आला, तर मीसुद्धा पिशवीआधी त्याचा चेहरा बघते.

शेवटच्या पानावर स्वयंपाकी निर्दोष निघाला. मालकिणीच्या आजारी मुलाचा त्याला लळा लागला होता, एवढंच. वर्ग हिरमुसला. खरं सांगायचं तर मीही.

तास संपल्यावर सारिका पुन्हा फडकं घेऊन आली. अर्धा फळा पुसून होईपर्यंत मी तिच्याकडे बघत राहिले.

"काय हवंय गं तुला?"

"काही नाही, बाई," ती म्हणाली आणि फडकं टेबलावर ठेवून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी फळा खडूने तसाच भरलेला होता. मी खुर्ची न तपासता बसले.