मेंढरं धरणारी कस्तुरा

बिडकीनच्या मुंजाबा धनगराची कस्तुरा एम.एस्सी. झाली, तेव्हा त्या घरात दहावीच्या पुढं गेलेलं दुसरं कुणी नव्हतं. शहरातल्या एका संशोधन संस्थेत, डॉ. ठोंबरे यांच्या प्रकल्पावर ती सहायक म्हणून लागली. पोटातल्या जंतांनी काही मेंढरं खंगून मरतात, त्याच कळपातली काही ठणठणीत राहतात. हा फरक जनुकांत कुठं आहे, ते सरांना शोधायचं होतं.

त्यासाठी रक्त हवं होतं. पहिल्या खेपेला जीप पाहूनच धनगरांनी कळप लांब हाकलले. "गाभण मेंढरू हाय, सुई टोचली तर गाभडंल," म्हातारी आवडाबाई म्हणाली. मग मुंजाबा स्वतः धनगरांच्या तळातळावर फिरला. "सुई माझ्या पोरीच्या हातात राहील," एवढंच सांगायचा.

दोन वर्षांत कस्तुरानं सहाशे मेंढरांचं रक्त काढलं. मेंढरू गुडघ्यांत धरायचं, मानेवरची लोकर सारायची, शीर दाबायची. संस्थेत आल्यावर त्या रक्तातून डीएनए वेगळा करायचा. नळीत पांढरा धागा तरंगला की ती दर वेळी हरखायची.

मधेच हैदराबादच्या एका संस्थेत तिला पीएच.डी.ची जागा मिळाली. पत्र घेऊन ती सरांकडं गेली.

"परगावी कशाला जातेस? जूनमध्ये आपल्याकडंच पीएच.डी.ची जागा निघतेय, ती तुझीच समज," सर म्हणाले.

तिनं हैदराबादला नकार कळवला.

जूनमध्ये मुलाखत झाली, यादी लागली. जागा पुण्याहून आलेल्या एका मुलीला मिळाली होती. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई जिन्यात भेटल्या. "मेंढ्या छान हाताळतेस म्हणे," त्या म्हणाल्या, "पण प्रयोगशाळेत कच्ची आहेस, असं तुझे सरच म्हणाले."

कस्तुरा तशीच सरांच्या खोलीत गेली. त्यांनी नाकारलं नाही.

"तुला घेतलं असतं तर वर्षभर तू वर्गात अडकली असतीस. पीएच.डी. करणारे ढिगानं मिळतात गं. धनगरांच्या तळावर शिरणारं माणूस मी कुठून आणू? पुढच्या वर्षी बघू."

शहरातल्या क्रांती चौकात तिनं बिडकीनच्या दोन गाड्या सोडल्या. तिसरीत बसली.

घरी तिनं सगळं सांगितलं. "माझ्या चुलीपुढं बसून भाकर खाल्ली त्यानं," मुंजाबा म्हणाला. मग हळूच, "ती हैदराबादची जागा?"

"गेली, आबा."

पुढच्या आठवड्यात नव्या मुलीला घेऊन जीप आली. धनगर कळपांपुढं आडवे उभे राहिले, कस्तुराही त्यांच्यातच होती. "कस्तुरा, सांग ना यांना," सर म्हणाले.

मुंजाबाच पुढं झाला. "रगत मेंढराचं व्हतं सायेब, पर लोकांनी दिलं ते हिच्या भरवशावर."

जीप वळली. कस्तुराला वाटलं होतं, आता गार वाटेल. पण मागच्या सीटवर नमुन्यांची बर्फपेटी दिसली, झाकणावर तिचंच अक्षर. धावत जाऊन ती ओढून घ्यावी, असं तिला झालं. कामावर तिचा जीव होता.

प्रकल्पावरच्या तिच्या नेमणुकीची मुदत पुढं संपली. आता ती बिडकीनच्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. कोणता मेंढा वंशाला ठेवायचा ते तपासणीनंतर सांगेन, असा शब्द तिनं प्रत्येक तळावर दिला होता. निकाल संस्थेतच राहिले, मागूनही मिळाले नाहीत. परवा बाजारात त्यांपैकीच एका तळावरच्या भिकन धनगरानं तिला अडवलं.

"आमच्या मेंढरांचं काय निघालं गं, कस्तुरे?"

"मला नाय कळलं, काका."

"म्हंजी तू बी फशिवलंच की आमाला," तो म्हणाला आणि पुढं गेला.