जुडीवरची चिठ्ठी

तुमच्या तिकडच्या, परदेशातल्या बाजारात प्रत्येक भाजीवर ती पिकवणाऱ्याचं नाव असतं, हे तुम्ही मला फोनवर कौतुकानं दाखवलंत. मला ते फार आवडलं. दोष तुमचा नाही, तो माझाच.

निमगाव केतकीच्या सहा जणी दर गुरुवारी बारामतीत माझ्या ओट्यावर बिनफवारणीची भाजी आणत. सगळ्या जुड्यांचा एकच ढीग करत आणि येईल ते सहा जणींत सारखं वाटून घेत. मला ते अव्यवस्थित वाटे. मी सुबक अक्षरात प्रत्येकीचं पूर्ण नाव लिहून जुड्यांना चिठ्ठ्या बांधल्या.

पहिल्याच गुरुवारी एकीची मेथी उरली. सगळ्यांत कोवळी मेथी तिचीच होती. योगायोग समजून मी ती घरात घेतली. पुढच्या गुरुवारी पुन्हा उरली. तिसऱ्या वेळी तीस वर्षांपासूनच्या माझ्या शेजारणीनं ती जुडी उचलली, आडनाव वाचलं, जुडी खाली ठेवली आणि दुसरी घेतली. मग माझ्या गुडघ्याची चौकशी केली. मेथीवालीचं घर बौद्धांचं, हे आडनावावरून कळतं.

मी गुडघा बरा आहे म्हणाले. एवढंच.

शेजारीण गेल्यावर सहा जणींतली थोरली हळूच म्हणाली, "बाई, आमी ढीग उगाच न्हवतो करत."

त्यांना सगळं आधीपासून ठाऊक होतं. मी शिकलेली, म्हणून मला कोणी अडवलं नव्हतं.

चिठ्ठ्या मी त्याच दिवशी काढल्या. पण आता गल्लीला सवय लागली होती. ही कोणाची, ती कोणाची, असं विचारून बायका जुडी उचलू लागल्या. थोरलीनं तोड काढली की हिची मेथी माझी म्हणून सांगू. मेथीवालीनं ऐकलं नाही. "माझ्या मेथीला दुसरीचं नाव लावायचं, तर मग मी कुठं हाय त्यात?" असं म्हणून ती पाटी उचलून निघाली, ती परत आलीच नाही.

महिन्यानं मी तिच्या रानात गेले. मेथीच्या वाफ्यांच्या जागी सऱ्या पाडून उसाचं बेणं दाबणं चाललं होतं. वर्षभर जपलेली ती बिनरसायनाची माती आता युरिया खाणार होती. तिनं मला बांधावर बसवलं, चहा दिला. मी परत ये म्हणाले, पुन्हा पुन्हा म्हणाले.

"ऊसच बरा, बाई," ती हसली. "मोळीवरचं नाव वाचून कारखाना ऊस माघारी धाडत न्हाय."

मग कप विसळता विसळता, न रागावता, तिनं विचारलं, "त्या शेजारणीकडं तुमी अजून जाता का?"

मी आदल्याच दिवशी गेले होते. हळदीकुंकू होतं. ती उत्तराची वाट न पाहता बेणं दाबणाऱ्या बायकांकडे निघून गेली.