कांद्याच्या मळ्यात झालेली पॅरिश

रविवारी बिशप येणार, आणि शुक्रवारी गावात माणूस नाही!

सुरगाण्याच्या डोंगरातलं गाव. मी तिथला होऊ घातलेला फादर, पत्र्याची पेटी घेऊन जीपमधून उतरलो. घरांना कड्या. अंगणात एकट्या जनामावशी नागली पाखडत होत्या.

"गाव कांद्याला गेलंय, फादर," त्या म्हणाल्या. "लासलगावाकडं रोपांची लागण चालू हाय, समदे मजुरीला."

मी पेटी तिथेच टेकवली. जरा समजावून सांगतो. बिशपांच्या हाताखालचा मुलूख म्हणजे धर्मप्रांत. आधी आमचा कारभार पुण्याहून चाले, मग नाशिक वेगळं झालं. धर्मप्रांताचे भाग म्हणजे पॅरिश, आणि पॅरिशला स्वतःचा फादर मिळतो. हे गाव तेव्हा नुसतं सबस्टेशन. विजेचं नव्हे हो, आमचं! महिन्यातून एकदा फादर येणार, मिस्सा म्हणजे प्रार्थनाविधी करून जाणार.

मावशींचे मालक वारले तेव्हा नदीला पूर होता. फादर पोहोचलेच नाहीत. तेव्हापासून त्यांचा एकच धोशा, गाव पॅरिश करा. बिशप रविवारी, आमच्या चर्चच्या संताच्या सणाला, तेच जाहीर करणार होते. पण ते लोकांसमोर वाचावं लागतं. लोकच नाहीत तर पुढे ढकलणार, आणि ढकललेलं पुन्हा कधी होईल, देव जाणे.

तसाच नाशिकला गेलो. बिशपांनी सगळं ऐकून घेतलं.

"लासलगाव आपल्याच धर्मप्रांतात ना?"

"हो, बिशप."

"मग झालं तर. तिथेच वाचू."

शनिवारी आमची माणसं राबत होती तो मळा शोधला. मळ्याचे मालक आबा हिंदू शेतकरी, पण उत्साह आमच्यापेक्षा जास्त. त्यांनी ट्रॅक्टरची ट्रॉली धुऊन दिली, तीच आमची वेदी. लाऊडस्पीकरही त्यांचाच. रविवारी मावशी जीपच्या पुढच्या सीटवर बसून आल्या. बिशप ट्रॉलीवर चढले, मिस्सा झाली, घोषणा वाचली. आबांनी टॉवेल-टोपी-नारळ देऊन त्यांचा सत्कार केला, आणि बिशपांनी ती टोपी लगेच डोक्यावर चढवली. काय हशा पिकला!

पोरांची पावरी, म्हणजे दुधी भोपळ्याचं फुंकवाद्य, वाजू लागली. मावशी माझ्यापाशी आल्या.

"आता पूर आला तरी तुमी गावातच ना?"

"गावातच, मावशी."

त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि मला हाताला धरून नाचात ओढलं. माझा पांढरा झगा गुडघ्यापर्यंत चिखलानं माखला. इतका आनंद मला माझ्या दीक्षेच्या दिवशीही झाला नव्हता.

पुढे मी तिथे बरीच वर्षं काढली. सणाच्या तारखा रोमहून ठरतात, हे खरंच. पण बिशपांना बोलवायचं असलं की मी आधी मावशींना विचारायचो, "यंदा लागण कधी?"