बराबर ऐकलंस का?

भगवानदादा गेल्याचा फोन पुण्याहून आला, तेव्हा तो उचलला आईनं. हिंगोलीच्या माझ्या घरात घंटा वाजली की माझ्याआधी तीच पोचते. थोडा वेळ कानाला लावून उभी राहिली आणि रिसीव्हर माझ्या हातात देत म्हणाली, "खरखर हाय नुसती. तू ऐक." मी ऐकलं. झटका आला, दवाखान्यात नेईपर्यंत... पुढचं मला कळलंच नाही. आता काही आठवडे होऊन गेले, तरी त्या फोनला हात लावताना मी बिचकते.

आम्ही मूळचे साखरा गावचे. घरात शेळ्या-मेंढ्या, आणि त्यात दादा, माझा थोरला भाऊ, म्हणजे एक नमुनाच! आकाशातले तारे शिकायला गेला. नव्वदच्या दशकात तो पुण्याकडच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीवर काम करायचा. सुट्टीत आला की आई विचारायची, "करतोस तरी काय रं तिकडं?" मग तो कुडाला टेकून सांगत बसायचा. एक मेलेला तारा आहे, एखाद्या शहराएवढा, पण सूर्याहून जड आणि भिंगरीसारखा फिरणारा. उपग्रहांना तो क्ष-किरणांत लुकलुकताना दिसतो, त्यामुळं त्याचा ठेका पक्का ठाऊक. मग रेडिओवर तो ऐकू का येत नाही? दादाला या एका प्रश्नानं पार झपाटलं होतं. "नुसती खरखर येती, आई. तिचे त्या ठेक्याएवढे तुकडे करायचे अन् एकावर एक ठेवायचे. खरखर आपसात जिरून जाती. तारा बोलत असंल तर उठून दिसतो."

"मंग, दिसला?"

"न्हाई."

"तोंड फिरवून बसला असंल."

"व्हय, तसंबी असंल. त्याचा झोत आपल्याकडं नसंल, न्हाईतर आवाजच लई बारीक असंल."

"बराबर ऐकलंस का पण?"

दुसऱ्या कुणी हे हसण्यावारी नेलं असतं. दादा परत जाऊन पुन्हा दुर्बिणीचा वेळ मागायचा, पुन्हा ऐकायचा. अशी वर्षं गेली. शेवटी, इतका बारीक आवाज असता तरी आम्हाला कळला असता, पण काही नाही, असा शोधनिबंध त्यानं छापला. मी चिडवलं, "न सापडल्याचंबी छापतेत व्हय? मग माझे गणितातले मार्कबी छाप की!" तो हसला. म्हणाला, "न्हाई हेबी कळवावं लागतं. न्हाईतर पुढचा माणूस तिथंच कान लावून बसतो."

त्याच वर्षी सेनगावची मंडळी मला बघून गेली. पोहे हाणले, चहा ढोसला, आणि जे गप्प झाले ते झाले. सोयाबीन निघालं, तूर निघाली, निरोप नाही. मुलीकडच्यांनी विचारायचं नसतं, म्हणून सगळे नुसते वाट बघत. बारावी होऊन मी घरात बसलेली. पुढं शिकू का, हेही कुणी बोलेना. अन्न गोड लागत नव्हतं मला. दादा संक्रांतीला आला, सगळं ऐकलं आणि सरळ जीपमध्ये बसून सेनगावला गेला. आल्यावर एवढंच बोलला, "न्हाई म्हणाले." आई कडाडली, "गेलास काहून? इज्जत घालवलीस!" मी रडले, खोटं कशाला सांगू... पण त्या रडण्यात मोकळं वाटत होतं. त्या 'नाही'वरच मी पुढं डी.एड.ला गेले आणि आज मास्तरीण आहे.

आता आईच्या लक्षात काही राहत नाही. दादा गेल्याचं सांगितलं तेव्हा ऊर फुटेस्तोवर रडली, आणि दुसऱ्या दिवशी भाकरी मोडता मोडता विचारलं, "भगवानचा फोन आला का गं?" तेव्हापासून रोज विचारते. घरचे म्हणतात, येईल म्हण, तुझं काय जातं? माझी जीभ वळत नाही. दादाच्याच नावानं तिला वाट बघत ठेवू? मी सांगते, "न्हाई आला, आई. आता येणार न्हाई."

ती हातातली भाकरी खाली ठेवते. मग म्हणते, "बराबर ऐकलंस का?"

मी उठते, रिसीव्हर उचलून कानाला लावते आणि तशीच उभी राहते... तिचं समाधान होईपर्यंत. मग सांगते, "ऐकलं, आई. न्हाई."