अमेरिकेहून डब्यात आलेली वादळं

थोरल्या बहिणीच्या नवऱ्यावर सूड उगवायचा हे मी पक्कं ठरवलं, तेव्हा मी शाळेच्या व्हरांड्यात एका पांढऱ्या धोतराचं टोक धरून उभा होतो. दुसरं टोक खिळ्याला बांधलं होतं. माझ्या बाजूला खिळा नव्हता, म्हणून मी होतो. धोतरावर अमेरिकेतली वादळं उमटत होती आणि समोर बसलेलं अख्खं गाव तोंड उघडं टाकून ती बघत होतं. मी कडेला असल्यानं मला काहीच दिसत नव्हतं. वर दाजींचं चालूच होतं, "मेव्हणे, ताणून धरा! वादळाला सुरकुत्या पडायल्यात!"

दाजी एका सहकारी दूध संस्थेचे संचालक. आमच्याकडं तेव्हा विहिरींचे तळ उघडे पडले होते, जनावरं छावणीत होती, बाया-माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती. आणि संचालक मंडळ दूध कसं वाढवावं याचा अभ्यास करायला अमेरिकेला जाऊन आलं होतं. दूध वाढलं नाही. दाजी मात्र येताना एक भारी कॅमेरा, स्लाईड दाखवायचं यंत्र आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आले. त्या डब्यात कागदी चौकटीत बसवलेल्या रंगीत फिल्मा होत्या. तिथल्या कुण्या गोठेवाल्यानं त्यांना मोटारीत घालून वादळाच्या मागं नेलं होतं. तिकडं म्हणे लोक हौसेनं वादळाचा पाठलाग करतात, फोटो काढतात आणि घरी येऊन जेवतात.

एवढं दाखवून दाजी थांबले असते तर मी काही बोललो नसतो. पण शेवटची स्लाईड झाली आणि त्यांना माझी आठवण झाली.

"आमचे मेव्हणे पण फोटूग्राफर हायत बरं का मंडळी! बारशातली पोरं काढतात. पोरगं रडलं की यांचाच हात हालतो. असलं वादळ समोर आलं असतं तर कॅमेरा तिथं अन् मेव्हणे धाराशिवला!"

गाव खदाखदा हसलं. ज्यांच्या लग्नाचे फोटो मी उधारीवर काढले होते ते जास्त हसले. मीही हसलो, कारण आमच्याकडं दाजीला उलट बोलायची सोय नसते. बहीण दिली की जीभही सोबत द्यावी लागते. मी धोतराची घडी केली, त्यांच्या हातात दिली आणि मनात म्हटलं, दाजी, आता असा एक फोटो काढतो, आपल्या मातीतल्या वादळाचा, की तो दाराएवढा मोठा करून तुमच्या बैठकीत लावीन. येणारा-जाणारा विचारील, हे वादळ कुठलं? आणि तुम्हाला रोज सांगावं लागेल, मेव्हण्यानं काढलंय म्हणून.

हा बेत चांगला होता. फक्त वादळ कसं धरायचं हे मला ठाऊक नव्हतं.

दुष्काळातही वैशाखात वळवाचे ढग यायचे. पाऊस देत नसत, पण दुपार ढळली की काळेकुट्ट होऊन उभे राहायचे, वारा सोडायचे, चार पत्रे उडवायचे आणि निघून जायचे. पहिल्या खेपेला मी ठरवलं, वीज काढू. वीज चमकली की बटण दाबायचं. प्रत्येक वेळी वीज आधी चमकली आणि मी नंतर दाबलं. धाराशिवला ज्याच्याकडं मी रोल धुवायला द्यायचो, त्यानं सगळे काळेकुट्ट फोटो माझ्यासमोर पत्त्यांसारखे पिसले. "काय हो, अमावस्येचा अल्बम करायलाव का?"

दुसऱ्या खेपेला येडशीच्या माळावर सायकल दामटली. वारा समोरून होता. मी जीव खाऊन पायडल मारत होतो आणि शेजारचं बाभळीचं झाड काही केल्या मागं पडत नव्हतं. शेवटी वाऱ्यानं सायकलीसकट मला आडवं केलं. पडता पडता बटण दाबलं गेलं. त्या रोलात वादळाच्या जागी एका शेळीचं बूड आलं. पण इतकं स्वच्छ आलं, की शेळीच्या मालकानं एक प्रत मागून घेतली.

तिसऱ्या खेपेला शहाणपणा केला आणि यष्टीनं ढगाच्या मागं गेलो. येरमाळ्याला कंडक्टर चहाला उतरला. ढग काही चहाला थांबला नाही. आमच्या डोळ्यांदेखत तो बार्शीकडं, म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यात निघून गेला. दर खेपेला घरी आलो की अक्काकडून दाजींचा निरोप तयार असायचा : "वादळ घावलं का विचार त्यांला. न्हायतर म्हणावं, आमच्या डब्यातलं एक उसनं देतो."

मग तो दिवस आला. येरमाळ्याच्या अलीकडं एका पाझर तलावाचं काम चालू होतं. मी सायकलवर तिथं पोचलो आणि समोर बघतो तर आभाळ खालपर्यंत वाकलेलं, आणि त्याच्या पोटातून मातीचा एक भला थोरला खांब गरागरा फिरत चाललेला. हुबेहूब दाजींच्या गप्पांमधला. कामावरची सगळी माणसं पाट्या खाली ठेवून आभाळाकडं डोळे लावून उभी. मी कॅमेरा काढला. माझा कॅमेरा जुन्या पद्धतीचा, उभ्या पेटीचा. छातीशी धरायचा, वरचं झाकण उघडायचं आणि खाली मान घालून आतल्या काचेवर चित्र बघायचं. मातीचा खांब बरोबर मधोमध घेतला. श्वास रोखला. खट्.

जिंदगीत पहिल्यांदा हात हालला नाही. मी मान वर केली तर ढग मधोमध जुन्या लुगड्यासारखा टरकन फाटला होता. अर्धा इकडं गेला, अर्धा तिकडं. खांब खाली बसला. थेंब नाही.

आता एक सांगायला पाहिजे. दुष्काळात आमच्या भागात पाऊस आपसूक थांबतो, असं कुणी मानत नाही. कुणीतरी बांधून ठेवलाय म्हणून तो पडत नाही. कधी नाव वीटभट्टीवाल्याचं येतं, कधी धान्य साठवणाऱ्याचं. त्या दिवशी कुणाचं नाव घ्यायची गरजच नव्हती. पेटी रोखून उभा राहिलेला माणूस सगळ्यांनी बघितला होता.

"ए फोटूवाल्या," खडीच्या ढिगावरनं एक म्हातारी उतरत आली, "काय केलंस रं त्येला?"

इथं मी गप बसून सायकलीवर टांग मारायला हवी होती. पण कुणी फोटोबद्दल विचारलं की मला राहवत नाही. मी हसून म्हटलं, "काही नाही आज्जी, या, तुम्हीच बघा." आणि वरचं झाकण उघडून पेटी तिच्यापुढं धरली.

म्हातारीनं आत डोकावलं. मागं पांगत चाललेला ढगाचा तुकडा काचेवर तळहाताएवढा दिसत होता.

"अगं बया!" ती दोन पावलं मागं सरली. "आत हाय की! हलायलंय!"

मग रांग लागली. प्रत्येकानं डोकावून खात्री करून घेतली की ढग पेटीतच आहे. मी आरसा, भिंग, प्रकाश असलं काहीबाही समजावत होतो. माझं कुणी ऐकत नव्हतं. एका गड्यानं खडी फोडायचा हातोडा उचलला. "तू सोडतूस, का आमी सोडू?"

त्या पेटीवर माझं घर चालायचं. हातोडा खाली येण्याआधी मी मागचं दार उघडलं आणि रोल भर उन्हात बाहेर ओढला. माझ्या आयुष्यातला एकमेव चांगला फोटो माझ्याच बोटांत करपून गेला. म्हातारीनं त्या लोंबत्या फितीला हात जोडले. सगळे वर बघत राहिले. ढग काही परत आला नाही.

"एवढुसाच हुता व्हय?" म्हातारी हिरमुसली.

आणि त्या क्षणी, हातात जळकी फिल्म घेऊन उभा असताना, माझ्या डोक्यात दाजींचा पत्र्याचा डबा लख्ख चमकला.

"आज्जी," मी म्हटलं, "माझी पेटी गरिबाची. हिच्यात कितीसं मावणार? खरी मोठाली वादळं माझ्या दाजींकडं हायत. अमेरिकेहून आणल्यात. डबाभर."

"आन् सोडीना व्हय?"

"कशाला सोडतील? लोकांना धोतरावर दाखवतात अन् पुन्हा डब्यात घालून कुलूप लावतात."

यात मी एकही शब्द खोटा बोललो नाही, याची नोंद घ्यावी.

दाजींच्या संस्थेची निवडणूक तोंडावर होती. चार दिवसांत आजूबाजूच्या गावांतली माणसं त्यांच्या अंगणात येऊन बसली. मी मुद्दाम अक्काकडं जेवायला गेलो होतो; असला तमाशा ऐकीव घेण्यात काय मजा? दाजी आधी हसले. मग त्यांनी विज्ञानावर थोडं भाषण केलं. तेवढ्यात मागून कुणीतरी शांतपणे म्हणालं, "वादळं ठिवा तुमच्याकडं. आमची मतं आमच्याकडं ऱ्हातील." दाजींचं विज्ञान तिथंच संपलं.

घरात येऊन ते दात खात मला म्हणाले, "कुणी भरवलं हे यांच्या डोक्यात?"

"लोकच ते दाजी," मी पोळी मोडत म्हटलं, "काय बी बोलतात."

अक्कानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि भाजी वाढायच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

दाजी गडी मात्र पक्का. वादळं सोडायचीच तर थाटात सोडू, म्हणाले. गावाच्या माळावर मांडव घातला, भोंगा लावला, टेबलावर डबा ठेवला. "मेव्हणे, फोटो तुम्हीच काढा. प्रचाराला कामाला येतील." मी नवा रोल भरला. इतक्या आनंदानं मी स्वतःच्या लग्नातही उभा नव्हतो.

वादळं सोडायचा मान म्हातारीचा. तिच्या हातात कात्री होती. दाजी एकेक स्लाईड काढून देत होते आणि ती उजेडात धरून, आत वादळ आहे ना बघून, मधोमध कापत होती. कच्. पहिल्या दोन-तीन वेळा दाजी हसले. मग त्यांचा आवाज उतरत गेला.

"आज्जी, हे लई दुर्मिळ हाय. एवढं ऱ्हाऊ द्या."

"दुर्मिळ हाय तर आधी सोडा की."

कच्. लोक टाळ्या वाजवायचे. दाजींचा चेहरा पडायचा आणि मी खट् करायचो. रोल झपाट्यानं सरत होता, पण असे चेहरे काय रोज मिळतात? मग एक स्लाईड आली, तिच्यात विमानाच्या शिडीवर सुटाबुटात एक माणूस होता.

"ह्यो कोन?"

"मीच तो," दाजी खोल आवाजात म्हणाले.

"तुमी बी आत अडकलाव? थांबा, तुमाला बी सोडते." कच्.

त्या कापण्याचाही मी फोटो घेतला. रोलात आता एकच फोटो उरला होता.

आणि वारा आला. दुपारपासून रामलिंगच्या डोंगरामागं काळं धरत होतं. माणसं कात्रीकडं बघण्यात गुंग होती. पहिल्या झपाट्यात भोंगा गेला. दुसऱ्यात मांडव उचलला. मी मागं वळलो. तांबड्या मातीचा ताडामाडाएवढा खांब माळावर फिरत होता आणि त्यात मांडवाचं कापड, कनाती, खुर्च्या, पताका, दाजींचे प्रचाराचे कागद गोल गोल वर चढत होते. अख्खा वैशाख ज्याच्या मागं सायकल मारली ते समोर उभं होतं. कॅमेरा छातीशी होता. मी खाली काचेत बघितलं. सगळं बरोबर बसलं होतं.

तेवढ्यात कुणीतरी किंचाळलं आणि मी मान वळवली. दाजी टेबलाखाली होते. गुडघ्यांवर. गळ्यातला हार कानावर चढलेला, डोळे घट्ट मिटलेले, दोन्ही हातांनी टेबलाच्या पायाला मिठी. त्यांच्याशेजारी म्हातारी कात्री घेऊन सरळ उभी होती आणि आभाळाकडं बघून हसत होती.

एकच फोटो. लोक मला आजही म्हणतात, मूर्खा, असं वादळ पुन्हा दिसलं का? नाही दिसलं. पण मला ठरवायला क्षणही लागला नाही. मी वादळाकडं पाठ केली, पेटी टेबलाकडं वळवली आणि खट् केलं.

मग पाऊस आला, चांगला टपोरा, गारांसकट. जरा वेळ पडला आणि थांबला. ओल्या माळावर उभा राहून एक शेतकरी म्हणाला, "परदेशी माल. टिकायचा न्हाय."

निवडणुकीत दाजी दणदणीत मतांनी निवडून आले. वादळं सोडणारा संचालक म्हणून येरमाळ्यापर्यंत त्यांचं नाव झालं. हे मात्र माझ्या हिशेबात नव्हतं. सूड मी उगवला आणि गुलाल त्यांना लागला. मी जळफळत धाराशिवला गेलो, टेबलाखालचा फोटो ऐपतीबाहेर मोठा करून घेतला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून थेट त्यांच्या बैठकीत लावायला निघालो.

दाजी घरी नव्हते. अक्कानं कागद सोडला. बघितलं. आधी तिनं पदर तोंडाला लावला. मग तिला उभं राहवेना म्हणून ती उंबऱ्यावर बसली. त्या घरात तिला एवढ्या मोठ्यानं हसताना मी कधी ऐकलं नव्हतं. डोळे पुसून मग ती म्हणाली, "भिंतीला लावलास तर एक दिवस बघतील अन् फाडून टाकतील. माझ्याकडं ऱ्हाऊ दे."

"पण अक्का, मी काढलाय."

"अन् नांदते म्या."

मी फोटो पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. तो तिच्या ट्रंकेत गेला, आणि तिथं काय आहे एवढंच तिनं दाजींच्या कानावर घातलं. आता दाजींचा आवाज चढला की ती नुसती ट्रंकेकडं बघते. किल्ली तिच्या कमरेला असते. घर मोकळं असताना दाजींनी दुसरी किल्ली दोनदा शोधून बघितली, हे तिनंच मला सांगितलं. आणि सांगताना तिचा चेहरा असा काही फुलला होता, की त्या वेळी कॅमेरा जवळ नव्हता याचंच मला अजून वाईट वाटतं.