चार मंडळ्यांचे पाळकसाहेब

कुणाच्याही घरी गेले की आमचे पाळकसाहेब बैठकीत बसत नसत. चपला काढून थेट स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहत आणि विचारत, "काय शिजून राहिलं जी आज?" मग प्रार्थना. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, जो जाईल तिथे घरचाच होऊन जातो. अशा माणसाच्या शेजारी आयुष्य काढणं किती अवघड असतं, ते मला विचारा.

मी निवृत्त शिक्षक, वरठीच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचा सेक्रेटरी. उच्चार शुद्ध, अक्षर वळणदार. साहेब नसले की उपदेश माझ्याकडे यायचा. मी आठवडाभर तयारी करून बारा पानं लिहायचो. लोक पंख्याकडे बघत बसत. साहेब मात्र कागदाशिवाय उभे राहत, धानाच्या बांधावरून बोलावं तसं दहा मिनिटं बोलत, आणि बाया डोळे पुसत.

"तुमचं चांगलंच असते जी," माझी बायको म्हणायची, "पण त्यायचं समजते."

पंचाहत्तरी उलटली तरी साहेबांना सुट्टी मिळेना. वरठी, तुमसर, आंबागड, बपेरा. चार मंडळ्या आणि पाळक एकच. तरुण पाळक इकडे यायला तयार नव्हते. आमची स्वतःची मुलं नर्सिंगला गेली, कंपनीत लागली. पाळक व्हायला एकही निघालं नाही. उपासनेत काळे केस शोधावे लागत. "नवीन पाळक कवा येते?" कुणी विचारलं की साहेब जुन्या मोटारसायकलला किक मारत म्हणत, "येऊनच राहिला. रस्ता पुसत असंल कोणाले."

बायको आजारी पडली तेव्हा मी तिला रोज स्तोत्रं वाचून दाखवायचो. ती डोळे मिटून ऐकायची. एक दिवस म्हणाली, "पाळकसाहेबाले बोलवा ना." ते बपेऱ्याहून भर उन्हात आले. ती पंधरा दिवस अन्नाला शिवली नव्हती, आणि हे खाटेपाशी उभे राहून विचारतात, "मंग, काय शिजवता आज आमच्यासाठी?" ती हसली. महिन्याभरात पहिल्यांदा. मी अंगणात जाऊन उभा राहिलो. ते हसू माझ्या वाट्याचं होतं, असंच मला वाटत राहिलं.

ती गेली. तीन महिन्यांनी मी वरिष्ठ कार्यालयाला पत्र लिहिलं. साहेबांचे हात कापतात, प्रभुभोजनात द्राक्षारसाचा प्याला हिंदकळतो, त्यांना विश्रांती द्यावी. एकही वाक्य खोटं नव्हतं. फक्त सही केली नाही. खाली 'मंडळीचा हितचिंतक' एवढंच लिहिलं.

उत्तर आलं. साहेबांना कार्यमुक्त केलं होतं. त्यांच्या जागी पाठवायला पाळक नव्हता. तूर्त चारही ठिकाणची उपासना वरठीच्या सेक्रेटरीनं चालवावी.

साहेब नागपूरला मुलाकडे गेले. मला व्यासपीठ मिळालं. पण दीक्षा झालेल्या पाळकाशिवाय प्रभुभोजन देता येत नाही, त्यामुळे प्याला कपाटात गेला तो तिथेच राहिला. आंबागडची एक म्हातारी उपासना संपली तरी बाकावरून उठायची नाही.

"झालं, काकी," मी म्हणायचो.

"भोजन कवा देता?"

"मला नाही देता येत."

"मंग पाळकसाहेबाले काहून जाऊ देलं?"

वर्षभर तिचा हा प्रश्न ऐकला आणि शेवटी नागपूर गाठलं. साहेब पलंगावर पडून होते. मी बसायच्या आधीच सांगून टाकलं, "ते पत्र मी लिहिलं होतं."

"मालूम आहे," ते म्हणाले. "दाखवलं मले ऑफिसवाल्यायनं. चार मंडळ्यांत असं सुंदर अक्षर दुसऱ्या कोणाचं आहे?" मग माझा हात हातात घेतला. "थकलोच होतो गुरुजी. मले आपल्या मनानं थांबता आलं नसतं."

माझे डोळे भरून आले. आणि त्या क्षणीही आत काहीतरी बोचलंच, की माफ करणंसुद्धा याला माझ्यापेक्षा चांगलं जमतं.

दोन महिन्यांनी ते गेले. आम्ही नऊ म्हातारे बसनं नागपूरला पोहोचलो. त्यांना वरठीच्या कब्रस्तानात नेऊ द्या म्हणून मुलापुढे हात जोडले. तो म्हणाला, "आम्हाला भेटायला जवळ हवेत, काका." दफनविधीला तिशीतले तीन पाळक होते, तिघेही नागपूरच्या एकाच मंडळीचे. एकानं मोकळ्या आवाजात प्रार्थना म्हटली. साहेबांचं नाव मात्र कागदावर बघून वाचलं.

आम्ही मूठमूठ माती टाकली आणि परतीची बस धरली. सगळा रस्ता मी त्या शहरावर जळत होतो. तीन-तीन तरुण पाळक असूनही नागपूरनं आमचा म्हातारा ठेवून घेतला.