पिठल्याचा पंचनामा

“दिवसभर बंब पेटलेलाच असतो गं. आंघोळ करून येतात अन् जरा वेळानं परत आंघोळीला. लाकडं तरी कुठून आणू मी?”

रुग्णालयाच्या व्हरांड्यात एक तरुण बाई आपल्या बहिणीला दबक्या आवाजात सांगत होती. नवऱ्याला जेवणातून विष घातल्याचा तिच्यावर संशय होता आणि तिची चौकशी करायला मी गणवेशात बाजूलाच उभी होते. पोलीस खातं सोडून मला आता काही वर्षं झाली, पण त्या प्रकरणाची आठवण निघाली की आधी हेच बोलणं कानात येतं.

आदल्या दिवशी करमाडजवळच्या वस्तीवरची एक मावशी ठाण्यात अर्ज घेऊन आली होती. घरात पूर्वी मेंढरं होती. आता थोडी शेती आणि मुलगा शेंद्र्याला कंपनीत.

“म्याडम, माझं लेकरू सुनंनं वाळवून टाकलं. खाल्लं की ओकतंय. सलाईन लावायचं, घरी आणायचं, परत तेच. लगीन झाल्यापासून चालू हाय.”

मुलगा शहरात, क्रांती चौकापलीकडच्या एका रुग्णालयात पुन्हा दाखल होता. मावशीनं सगळ्या वॉर्डासमोर सुनेवर आरोप केला होता, त्यामुळे रुग्णालयानंही ठाण्याला कळवलं होतं. आम्ही घरी जाऊन पंचांसमक्ष उरलेलं पिठलं, मीठ, तिखट, सगळं सीलबंद केलं. आमचे हवालदार गंभीर चेहऱ्यानं लाख लावत म्हणाले, “म्याडम, दारूचा पंचनामा केला, चोरीच्या म्हशीचा केला. पिठल्याचा पहिलाच.”

प्रयोगशाळेचा अहवाल लवकर येणार नव्हता. तोवर वस्तीवर कुणी सुनेच्या हातचं पाणीसुद्धा घेत नव्हतं. गुन्हा दाखल झाला असता तर तिला अटक अटळ होती.

मी इंग्रजी शाळेत शिकलेली, त्यात मुळातच बुजरी. दरडावणं मला जमायचं नाही. “आमच्या म्याडम आरोपीलाबी प्लीज म्हणतात,” असं हवालदार चहाच्या टपरीवर सांगत, ते माझ्या कानावर यायचं. पण गप्प बसणाऱ्या अधिकाऱ्यासमोर माणसं आपण होऊन बोलतात, हे मी तोवर शिकले होते.

“ताई, ते आंघोळीचं काय म्हणत होतात?” व्हरांड्यात मी त्या सुनेला विचारलं.

ती दचकली. “पोटात ढवळाया लागलं की कढत पाणी घेतात. तेवढ्यानंच बरं वाटतं त्यांना. अन् म्याडम, मी माहेरी गेले तवाबी ते ओकतच होते. ते कुणी इचारीत नाय.”

हे मी डॉक्टरांना सांगितलं. ते लिहिता लिहिता थांबले. तपासण्या झाल्या होत्या, दुर्बिणीतून पोट पाहून झालं होतं. पण घरी तो आंघोळी किती करतो, हे कुणाच्या डोक्यात येणार? ते थेट त्याच्या खाटेपाशी गेले.

“काय रे, गांजा ओढतोस का?”

त्यानं आईकडं पाहिलं, मग माझ्याकडं. “नाय बा. सुपारीबी खात नाय मी.”

डॉक्टरांनीही माझ्याकडं पाहिलं. तेव्हा लक्षात आलं, अडचण माझ्या खाकीची होती.

“मावशी, चला, चहा घेऊ,” मी म्हणाले.

“मी चहा पित नाय.”

“मग मला सोबत द्या.”

हवालदारही उठले. चहाला ते कधीच नाही म्हणत नसत.

परत आलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, “जेवणातून काही गेलेलं दिसत नाही, तसं लेखी देतो. बाकीचं सांगायचं की नाही, ते त्याचं तो ठरवेल.”

मुलगा चादरीकडं बघत बोलला. “आई, तिचा काय दोष नाय. मी लई दिसांपासून रोज गांजा ओढतो. लग्नाआधीपासून. ओकाऱ्या आल्या की पोट शांत व्हावं म्हणून आणखी ओढायचो.”

तिथंच गफलत होती. वर्षानुवर्षं रोज गांजा ओढणाऱ्या काहींना अशा उलट्यांचा आजार जडतो, गरम पाण्यानं तात्पुरता आराम पडतो आणि गांजा बंद करणं हाच खरा इलाज, असं डॉक्टरांनी समजावलं. अंगातलं पाणी असंच जात राहिलं तर मूत्रपिंडावर येतं, हेही. स्वतःहून उपचार घेणाऱ्याला कायद्यातही खटल्यातून सुटायची वाट आहे. ती त्यानं धरली. पुढं त्याच्या उलट्या थांबल्या. बऱ्याच उशिरानं अहवाल आला आणि पिठलं निर्दोष सुटलं.

आता परिचारिकांच्या वर्गात मला कधी कधी बोलायला बोलावतात. मी सांगते, चहा किती पिता हे ज्या सुरात विचारता, त्याच सुरात गांजाभांगेचंही विचारा. घरचे आणि पोलीस बाहेर असताना विचारा. भूल द्यायच्या आधी तर विचाराच. भांग म्हणजे प्रसाद, असं समजणारा माणूस ‘नशा करता का’ या प्रश्नाला खुशाल ‘नाही’ म्हणतो, आणि त्याच्या मते तो खोटं बोलत नसतो. आरोपीला विचारावं तसं विचारलं की उत्तरही आरोपीसारखंच मिळतं.

पण त्या दिवशी वॉर्डात एवढं काही मी बोलले नव्हते. मावशीनं डोळे पुसले, पदर सावरला आणि ती माझ्याजवळ येऊन कुजबुजली, “म्याडम, अर्ज मागं घेते. मिटलं समदं. आता चारचौघांत कशाला वाढवायचं?”

सून दाराशी मान खाली घालून उभी होती. आजूबाजूच्या खाटांवरची माणसं ऐकत नसल्यासारखं करत ऐकत होती. माझा आवाज एवढा चढतो, हे हवालदारांनाही तेव्हाच कळलं.

“मावशी, आरोप तुम्ही सगळ्या वॉर्डासमोर केला होता. आता सुनेची माफीपण इथंच मागा, सगळ्यांना ऐकू जाईल अशी!”